मायलेजची नोंद: डॅशबोर्डवरचा आकडा की टाकी ते टाकी हिशेब?

गाडीच्या डॅशबोर्डवर दिसणारे मायलेज हा संगणकाने बांधलेला अंदाज असतो; इंजिनात इंधन फवारणारा इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला आणि चाके किती फिरली, यांवरून तो काढला जातो. टाकी ते टाकी पद्धतीत मात्र पंपाचा नोझल आपोआप बंद होईपर्यंत इंधन भरायचे, किलोमीटरची नोंद करायची आणि पुढच्या वेळी तसेच भरून, धावलेल्या अंतराला भरलेल्या लिटरने भागायचे. ४८६ किलोमीटरला २७ लिटर लागले, तर मायलेज १८ येते. नोझल थोडा उशिरा बंद होऊन २८ लिटर भरले गेले, तर तेच १७.४ होते, म्हणून एका टाकीवर विसंबू नये, सलग पाच-सहा टाक्यांचे एकूण अंतर आणि एकूण लिटर घ्यावेत, आणि शक्यतो पंपही एकच ठेवावा.

खर्चाच्या हिशेबासाठी मी टाकी ते टाकी नोंदींच्या वहीलाच प्रमाण मानतो. सवय सुधारायची असेल, तर मात्र डॅशबोर्डला पर्याय नाही, कारण तो चूक घडते त्याच क्षणी दाखवतो. पुण्याहून कोकणात जाताना ताम्हिणी घाट गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरवरून पाय काढून उतरले, की आधुनिक इंजिनाचा इंधनपुरवठा थांबतो आणि तात्कालिक, म्हणजे त्या क्षणाच्या, मायलेजचा आकडा एकदम वर जातो. न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्याचे इंजिन उलट इंधन जाळत राहते, शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो, आणि हे धोक्याचे आहे.