मल्टिबँड ईपीआय : काही महिने वापरल्यानंतर

आमच्या ३ टेस्ला एमआरआय मशीनवर मल्टिबँड सिक्वेन्स, म्हणजे मेंदूचे अनेक काप एकाच वेळी टिपायची पद्धत, सुरू होऊन बरेच महिने झाले. मिनेसोटा विद्यापीठाच्या सीएमआरआर केंद्राने विकसित केलेला हा सिक्वेन्स सीमेन्सच्या स्कॅनरसाठी संशोधन करारावर मिळतो. फंक्शनल एमआरआयचं (मेंदूचा कुठला भाग कधी काम करतो ते टिपण्याचं) आमचं बहुतेक काम आता त्यावरच चालतं. नव्याने सुरू करणाऱ्यांना माझं आग्रहाचं सांगणं एकच : फॅक्टर, म्हणजे एका वेळी घ्यायच्या कापांची संख्या, चारवर थांबा.

साध्या ईपीआयमध्ये (फंक्शनल एमआरआयची नेहमीची जलद पद्धत) स्लाइस, म्हणजे मेंदूचे पातळ काप, एकामागून एक घेतल्या जातात, त्यामुळे अख्खा मेंदू टिपायला दोन-तीन सेकंद जातात. मल्टिबँडमध्ये एकाच पल्सने अनेक स्लाइस उत्तेजित होतात. एकमेकींवर चढलेला त्यांचा सिग्नल नंतर सोडवला जातो, तो कॉइलच्या (डोक्याभोवतीच्या अँटेनांच्या) प्रत्येक चॅनेलला कुठला भाग किती जोरात ऐकू येतो याच्या आधारावर. ह्यूमन कनेक्टोम प्रोजेक्ट या मेंदूतल्या जोडण्यांचा नकाशा काढणाऱ्या मोठ्या प्रकल्पाने फॅक्टर ८ लावून २ मिमीच्या ७२ स्लाइस ०.७२ सेकंदात घेतल्या. एकेक करून घेतल्या असत्या तर पावणेसहा सेकंद लागले असते.

आम्ही फॅक्टर ४, २.५ मिमीच्या ६० स्लाइस आणि साधारण एक सेकंदाचा टीआर (अख्खा मेंदू एकदा टिपायला लागणारा वेळ) ठेवतो. यातला खरा फायदा मला श्वासाच्या बाबतीत जाणवला. माणूस मिनिटाला बारा ते अठरा वेळा श्वास घेतो. टीआर तीन सेकंदांचा असला की जलद श्वास मंद लहरीचं सोंग घेऊन डेटात शिरतो आणि रेस्टिंग स्टेटच्या (माणूस नुसता पडून असतानाच्या) मंद सिग्नलमध्ये मिसळून जातो. एक सेकंदाच्या टीआरमध्ये तो आपल्या जागी स्वच्छ दिसतो, म्हणून काढताही येतो. हृदयाच्या ठोक्यांना मात्र एवढा वेग पुरत नाही, त्यामुळे बोटावरचा पल्स सेन्सर लावायलाच हवा.

याच श्वासामुळे एक नवी अडचणही येते. डोक्याच्या हालचालीच्या आलेखात, फेज एन्कोडिंगच्या दिशेने (ईपीआयचं चित्र ज्या दिशेत सहज सरकतं ती), एकसारखी करवतीसारखी रेघ दिसते. डोकं हललेलं नसतं. छाती फुगली की चुंबकीय क्षेत्र किंचित बदलतं आणि चित्र सरकतं. ही रेघ हालचालीत धरली तर चांगले व्हॉल्यूम (अख्ख्या मेंदूची एकेक प्रतिमा) बाद होतात. श्वासाच्या वारंवारितेपुरता फिल्टर लावून मगच निर्णय घ्यावा.

सुरुवातीच्या रेफरन्स स्कॅनकडे फार लक्ष द्या. स्लाइस वेगळ्या करण्याचं गणित त्यावरच ठरतं. त्या काही सेकंदांत सब्जेक्ट हलला तर पुढचा अख्खा रन (सलग घेतलेला एक स्कॅन) डागाळतो. मी इंटरकॉमवर ‘आता सुरू होतंय, अगदी स्थिर राहा’ असं दरवेळी सांगते आणि शंका आली तर रन तिथेच थांबवून पुन्हा लावते.

सगळ्यात जपायचं ते स्लाइसमधल्या गळतीला, म्हणजे एका स्लाइसचा सिग्नल दुसरीत झिरपण्याला. फॅक्टर ४ आणि ६० स्लाइस म्हणजे एकत्र घेतलेल्या स्लाइस एकमेकींपासून पंधरा-पंधराच्या अंतरावर. एका विश्लेषणात मेंदूच्या वरच्या भागात लहानसा, अगदी रेखीव ठिपका उजळला होता. बरोबर पंधरा स्लाइस खाली पाहिलं तर तिथे डोळे होते. पापण्यांच्या उघडझापीचा सिग्नल वर झिरपला होता, तोही जरा बाजूला सरकून, कारण एकत्रित स्लाइस मुद्दाम एकमेकींपासून सरकवलेल्या असतात. लीकब्लॉकचा (ही गळती कमी करणारा) पर्याय लावून घेतलेल्या रनमध्ये असा ठिपका दिसला नाही. हा पर्याय पहिल्या दिवसापासून चालू ठेवा आणि कुठलाही नीटस ठिपका दिसला की त्याच्या जोडीदार स्लाइस तपासा.

मशीनचा आवाज मोठा असतोच, इअरप्लगवर काटकसर नको. डेटाही भराभर वाढतो, डिस्कची सोय आधीच करावी.

फॅक्टर ८ आम्ही करून पाहिला. कॉर्टेक्समध्ये, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरात, चित्र बरं दिसतं, पण डोक्याच्या मध्यभागी, कॉइलपासून लांब, गोंगाट फार वाढतो. व्हेंट्रल स्ट्रायटमसारख्या खोल, लहान भागावर ज्यांचा प्रश्न उभा आहे त्यांचं यात नुकसान होतं. बक्षिसाच्या टास्कसाठी, जिथे हाच भाग पाहायचा असतो, आम्ही आजही जुना, सावकाश सिक्वेन्सच लावतो.