दिल्ली पासिंगची जुनी गाडी, 'टॅक्स भरलेला आहे' आणि डीलरची पेपरवर्क सर्विस: माझा रिव्ह्यू

पुण्यातल्या एका जुन्या गाड्यांच्या डीलरकडून आम्ही दिल्ली पासिंगची 2019 ची पेट्रोल हॅचबॅक घेतली. डीलरचं नाव लिहीत नाहीये, कारण जे झालं ते त्या एकाच दुकानात होतं असं नाही, बऱ्याच ठिकाणी हीच पद्धत आहे. गाडीबद्दल आधी दोन वाक्यात सांगते, गाडी छान निघाली, सर्विस हिस्टरी पूर्ण होती, इंजिनचा आवाज स्वच्छ, एसी मस्त, गाडीला पाचपैकी चार स्टार बिनधास्त. पण हा रिव्ह्यू गाडीचा नाहीच, त्यांच्या 'कम्प्लीट पेपरवर्क सर्विस'चा आहे, म्हणजे रोड टॅक्स, नंबर बदलणं, नाव लागणं हे सगळं आम्ही करून देतो असं जे सांगतात त्याचा. त्याला माझे पाचपैकी दोन.

का ते नीट लिहिते, कारण दुसऱ्या राज्यातली गाडी घेणाऱ्याचा जास्तीत जास्त पैसा जिथे अडकतो ती जागा हीच आहे आणि बोलताना हाच विषय सगळ्यात पटकन गुंडाळला जातो.

दुकानात एकाच मॉडेलच्या दोन गाड्या जवळजवळ उभ्या होत्या, एक एमएच ची आणि एक डीएल ची. एमएच वाली पाच लाख, डीएल वाली चार लाख पस्तीस हजार. दिल्लीवाली कमी पळालेली, आतून जास्त स्वच्छ, आणि वर पासष्ट हजार स्वस्त, म्हणजे कुणीही तिकडेच वळणार. मी सेल्सवाल्या मुलाला विचारलं की हिचा महाराष्ट्राचा टॅक्स? तर त्याने लगेच मोबाईल काढला, सरकारचं एमपरिवहन ॲप उघडून गाडीचा नंबर टाकला आणि स्क्रीन माझ्यासमोर धरली. "मॅडम, हे बघा, टॅक्सच्या पुढे एलटीटी आलंय. लाइफटाइम भरलेला आहे, टेन्शनच नाही."

आता हे एलटीटी खोटं नव्हतं. पहिल्या मालकाने गाडी घेताना लाइफटाइम टॅक्स भरलेलाच होता. पण तो भरला दिल्ली सरकारकडे! रोड टॅक्स हा राज्याचा विषय आहे, दिल्लीत भरलेल्या पैशाचा महाराष्ट्राच्या तिजोरीशी काही संबंध नाही, गाडी इथे आणून इथल्या माणसाच्या नावावर करायची तर महाराष्ट्राचा वन टाइम टॅक्स वेगळा भरावाच लागतो. ॲपवर फक्त एलटीटी दिसतं, कुठल्या राज्यात भरलाय हे ते अक्षर सांगत नाही, ते नंबरप्लेटवरून आपण ओळखायचं. एमएच वाल्या गाडीच्या पुढेही तेच एलटीटी होतं आणि तिथे त्याचा अर्थ खरंच 'काही भरायचं नाही' असा होता. तीच तीन अक्षरं, आणि दोन्ही गाड्यांच्या हिशोबात हजारोंचा फरक. सेल्सवाल्याला हे माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. रोज दिल्लीच्या गाड्या विकणाऱ्या माणसाने गिऱ्हाइकाला ही स्क्रीन अशी दाखवणं मला अजिबात पटलं नाही आणि एक स्टार तिथेच गेला.

मी म्हटलं, बरं, मग नंबर बदलून एमएच करायला किती? तेव्हा आतून मॅनेजर आले आणि एका कोऱ्या कागदावर पेनाने लिहिलं: टॅक्स + आरटीओ = 95,000. बस एवढंच. त्यात टॅक्स किती, सरकारी फी किती, तुमचा सर्विस चार्ज किती, काही नाही.

इथे थोडं गणित सांगते, कारण हे प्रत्येकाला घरबसल्या करता येतं. महाराष्ट्रात स्वतःच्या नावावरच्या पेट्रोल मोटारीला टॅक्स किंमतीप्रमाणे 11, 12 आणि 13 टक्के आहे, म्हणजे दहा लाखांपर्यंत 11, दहा ते वीस 12, वीसच्या वर 13. डिझेलला तेच 13, 14, 15. सीएनजीला कमी असतो पण 2025 च्या जुलैपासून तिथे एक टक्का वाढवलाय आणि महागड्या गाड्यांना एकूण टॅक्स जास्तीत जास्त वीस लाख लागायचा, ती मर्यादा तीस लाख केली. कंपनीच्या नावावरची किंवा इम्पोर्टेड गाडी असेल तर तो वेगळाच मामला, तिथे टक्के बरेच जास्त. आणि हे टक्के लागतात ते गाडी नवी असतानाच्या किंमतीवर, तुम्ही डीलरला काय दिले त्यावर नाही! हे खूप जणांना माहीत नसतं, लोक धरतात चार लाख पस्तीसच्या 11 टक्के आणि मग आकडा बघून हबकतात. दुसऱ्या बाजूने, बाहेरून आलेल्या जुन्या गाडीला पूर्ण टॅक्सही लागत नाही, गाडी जितकी वर्षं जुनी तेवढी त्यातून सूट मिळते.

तर आमच्या गाडीचं मूळ इनव्हॉइस होतं 7,80,000 चं. त्याच्या 11 टक्के म्हणजे 85,800. हा झाला तीच गाडी कोरी करकरीत असती तरचा टॅक्स. मी मोबाईलवर गुणाकार करून मॅनेजरांना दाखवला आणि विचारलं की काका, नव्या गाडीला 85 हजार 800 लागले असते तर सहा वर्षं जुन्या गाडीला 95 कसे? ते म्हणाले आरटीओची फी असते ना. पण फी तरी किती असणार, केंद्राच्या नियमात मोटारीची मालकी बदलायची फी 300 रुपये आहे, लोन चढवायचं असेल तर 1500, आरसीच्या स्मार्ट कार्डचे 200, नवीन नंबरप्लेटचे वेगळे, सगळं धरून सुद्धा तो आकडा जमत नव्हता. मग म्हणाले एजंट असतो, एनओसीला, म्हणजे जुन्या आरटीओच्या ना-हरकत पत्राला, दिल्लीला माणूस पाठवावा लागतो. असेल ना, त्याचे पैसे घ्या की, मेहनतीचे पैसे द्यायला मी कधीच नाही म्हणत नाही, पण ते वेगळे लिहा. सरकारच्या टॅक्सच्या नावाखाली स्वतःचा चार्ज घालायचा आणि पावती मागितली की विषय बदलायचा हे मला मान्य नाही.

बऱ्याच वेळाने तयार झाले. ठरलं असं की टॅक्स मी स्वतः सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर माझ्या अकाउंटमधून भरणार, जो आकडा सिस्टीम दाखवेल तोच, आणि त्यांचा सर्विस चार्ज वेगळा, लेखी. टोकन द्यायच्या आधी हे सगळं त्यांच्या लेटरहेडवर घेतलं. पावतीवर शेवटी टॅक्सचा जो आकडा आला तो 95 हजारांच्या बराच खाली होता. पोर्टलबद्दल चांगलं लिहायलाच हवं, टॅक्स आणि फी वेगवेगळ्या ओळीत दाखवतं, पावती लगेच डाउनलोड होते, आणि मधल्या माणसाने सांगितलेल्या आकड्याची शहानिशा करायला याच्यापेक्षा चांगली सोय नाही.

आता त्यांच्या सर्विसमधलं जे चांगलं होतं तेही सांगते. दुकानात कागदपत्रं बघणारी एक ताई आहे, ती हुशार आहे आणि तिच्यामुळेच दोन स्टार आहेत. तिने पहिल्याच भेटीत फॉर्म नीट समजावून सांगितले: 28 म्हणजे जुन्या आरटीओची एनओसी, 29 आणि 30 मालकी बदलायला, 27 नवीन राज्याचा नंबर घ्यायला, आणि जुन्या मालकाचं लोन असेल तर बँकेच्या सही-शिक्क्याचा 35. आमच्या आरसीवर बँकेचं नाव होतं, लोन कधीच फिटलेलं पण उतरवलेलं नव्हतं, ते तिने स्वतःहून पकडलं आणि 35 हातात आल्याशिवाय एनओसीचा अर्ज पुढे सरकू दिला नाही. चेसिस नंबरची छाप पण तिनेच घेतली, बॉनेट उघडून त्या खोदलेल्या आकड्यांवर पातळ कागद घट्ट धरला आणि वरून पेन्सिल आडवी घासत नेली, एक आकडा पुसट आला तर कागद फाडून परत घेतली. म्हणाली, ताई, हा एक आकडा वाचता आला नाही तर तुमची फाइल परत येईल. असं काम करणारं माणूस असताना दुकानाने समोर बोलायला ती सेल्सवाली मंडळी का ठेवावीत कळत नाही.

आणखी एक गोष्ट तिथे ऐकली ती म्हणजे "मॅडम, वर्षभर तर डीएल नंबरवर फिरवता येते, टॅक्सची घाई कशाला?" हे अर्धवट आहे. मोटार वाहन कायद्याच्या 47 व्या कलमात दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवलेल्या गाडीला नवीन नंबर घ्या असं आहे, ते दिल्लीहून बदली होऊन आलेल्या, स्वतःची गाडी घेऊन आलेल्या माणसाला उपयोगी. विकत घेणाऱ्याला 50 वं कलम लागतं, त्यात घेणाऱ्याने तीस दिवसांत मालकी बदलाचा अर्ज करायचा, तोही तो स्वतः जिथे राहतो तिथल्या आरटीओकडे. म्हणजे इथे नाव लावायचं तर टॅक्स तेव्हाच आला. आणि नाव न लावता फिरवणं हे विकणाऱ्यालाही धोक्याचं आहे, अपघात झाला तर आरसीवर ज्याचं नाव तो मालक धरला जातो, सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार प्रकरणात हेच स्पष्ट केलंय. दिल्लीतल्या त्या बिचाऱ्या पहिल्या मालकाला हे कुणी सांगितलं होतं की नाही देव जाणे.

दिल्लीच्या रिफंडचं गाजरही दाखवलं होतं. उरलेल्या वर्षांचा टॅक्स जुन्या राज्याकडून परत मागता येतो हे बरोबर आहे, पण तो आपोआप येत नाही, इथे टॅक्स भरल्याचा आणि नवीन नंबर लागल्याचा पुरावा घेऊन जुन्या आरटीओकडे अर्ज करावा लागतो आणि ज्याने मूळ टॅक्स भरला तो माणूस आता गाडीचा मालकच नाही. म्हणून माझं मत, रिफंडचे पैसे गाडीच्या किंमतीतून मनातल्या मनात सुद्धा वजा करू नका. मिळाले तर तुमचे. डीलर म्हणत असेल नक्की मिळतात तर त्याला म्हणा तेवढे आत्ता किंमतीत कमी कर आणि रिफंड तू घे. आमच्या मॅनेजरांना हे विचारल्यावर ते गप्प बसले.

बीएच नंबरच्या, म्हणजे राज्याराज्यांत बदली होणाऱ्या नोकरदारांसाठीच्या भारत सिरीजच्या गाड्याही त्यांच्याकडे होत्या, त्याबद्दल थोडक्यात. 2021 पासून आलेल्या या सिरीजला टॅक्स एकदम लाइफटाइम नसतो, दोन-दोन वर्षांच्या हप्त्याने भरायचा असतो. तेव्हा पुढचा हप्ता कधी आहे ते बघा, आणि तुम्ही स्वतः बीएच ला पात्र नसाल तर राज्याचा साधा नंबर घेऊन इथला टॅक्स भरावा लागेल हे धरून चाला. पंधरा वर्षांच्या पुढच्या गाड्यांना पर्यावरण कर वेगळा, आम्ही तिकडे बघितलंच नाही.

डीलरच्या अधिकृतपणाचं मात्र नक्की तपासा. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचा नियम आहे, ते पाच वर्षं चालतं. असा अधिकृत डीलर त्याच्या ताब्यातल्या गाडीची एनओसी, मालकी बदल यांचे अर्ज स्वतः करू शकतो. या दुकानात ते भिंतीवर लावलेलं होतं आणि मुदतीत होतं, हे त्यांच्या बाजूने लिहिते.

मग शेवटी दिल्लीवाली स्वस्त पडली का? टॅक्स, त्यांचा चार्ज, नवीन प्लेट, सगळं मिळवल्यावर त्या पासष्ट हजारातला मोठा भाग गेला, एमएच वालीशी फरक उरला तो अगदी थोडा. आम्ही हीच घेतली कारण गाडीच जास्त चांगली होती, कमी पळालेली आणि कागदोपत्री स्वच्छ, स्वस्त म्हणून नाही. दोन्ही गाड्या सारख्याच असत्या तर मी डोळे झाकून एमएच वाली घेतली असती, कारण तिथे टॅक्स आधीच भरलेला, एनओसीची वाट बघणं नाही, आठवडाभरात कागद आरटीओत.

या दुकानाने गाडीच्या काचेवर किंमतीचा स्टिकर लावताना बाहेरच्या राज्याच्या गाडीखाली 'महाराष्ट्र टॅक्स वेगळा, अंदाजे इतका' असं एक वाक्य छापलं तरी माझे दोनचे चार स्टार होतील, मी हे मॅनेजरांना तोंडावर सांगितलंय आणि त्यांनी बघतो म्हटलंय. तोवर कुणी तिकडे जाणार असाल तर सेल्सवाल्याशी फक्त गाडी बघण्यापुरतं बोला, टॅक्सचा आकडा त्या कागदपत्रंवाल्या ताईकडून मूळ इनव्हॉइस समोर ठेवून काढून घ्या आणि टॅक्स, फी, चार्ज तीन ओळीत लिहून मिळाल्याशिवाय टोकन देऊ नका.