कायद्यात पीएचडी: आपलं विद्यापीठ, विधी विद्यापीठ की परदेश?

एलएलएम (कायद्याची पदव्युत्तर पदवी) हातात आहे, नेट किंवा सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा निघाली आहे किंवा निघायच्या बेतात आहे, आणि पीएचडी करायची हेही मनाने घेतलं आहे. अडतं ते कुठे करायची यावर. मुंबई, पुणे, नागपूर असं आपलं राज्य विद्यापीठ, एखादं राष्ट्रीय विधी विद्यापीठ, इंग्लंड किंवा अमेरिका, असे चार पर्याय साधारणपणे समोर असतात. बहुतेक जण त्यांची तुलना नावावरून आणि फीवरून करतात. नाव आणि फी महत्त्वाची आहेच, पण कायद्याच्या संशोधनात त्याआधी एक गोष्ट पाहावी असं माझं ठाम मत आहे: तुमच्या प्रश्नाचे कागद कुठे आहेत?

त्याकडे वळण्याआधी, पीएचडी लागते कुणाला हे पाहून घेऊ.

मुळात लागते का?

प्रॅक्टिस करायची असेल तर लागत नाही. अशील ‘डॉ.’ बघून वकीलपत्र देत नाही. न्यायिक सेवेच्या परीक्षेतही तिचा उपयोग नाही. घटनेच्या कलम 124 मध्ये नामवंत विधिज्ञाला थेट सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश करण्याची सोय आहे खरी, पण त्या वाटेने आजवर एकही नेमणूक झालेली नाही, तेव्हा तिच्या भरवशावर पाच वर्षं घालवू नयेत.

उरलं शिकवणं. विद्यापीठाच्या विभागात सहायक प्राध्यापक व्हायचं तर पीएचडी हवीच, असा नियम येणार म्हणून कितीतरी जणांनी घाईघाईत नोंदणी केली होती. 1 जुलै 2023 पासून यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) नेट किंवा सेट एवढी किमान अट ठेवली आणि पीएचडी ऐच्छिक झाली. म्हणजे लॉ कॉलेजात पहिली नोकरी हवी एवढाच हेतू असेल, तर आधी परीक्षा काढा. सहयोगी प्राध्यापक, प्राध्यापक, प्राचार्य या पायऱ्यांसाठी मात्र पीएचडीला पर्याय नाही. आणि खरोखर एखादा प्रश्न डोक्यात बसला असेल तर वरचा सगळा हिशेब बाजूला ठेवा आणि पुढे वाचा.

कागद कुठे आहेत?

समजा विषय कूळकायद्याचा आहे. 1948 चा कायदा, 1 एप्रिल 1957 चा कृषक दिन (कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं तो दिवस), कुळाने द्यायची किंमत ठरवणाऱ्या कलम 32-ग खालच्या चौकशा. याचा निम्मा भाग उच्च न्यायालयाच्या निवाड्यांत सापडेल आणि ते निवाडे जगात कुठेही बसून वाचता येतात. उरलेला निम्मा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात, रुमालात बांधलेल्या गठ्ठ्यांमध्ये आहे. किमतीचा निर्णय काय झाला, कुळाने हप्ते भरले का, प्रमाणपत्र निघालं का, आणि निघालं असेल तर सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यातून कुळाचं नाव वर कब्जेदार म्हणून चढलं की तसंच लटकत राहिलं. हे फेरफार वाचता यायला मराठी लागते, आणखी मागे गेलात तर मोडीही लागते. शिवाय कारकुनाशी दोन शब्द बोलण्याची हातोटी लागते. हा प्रबंध लंडनमधून लिहायचा तर तुम्ही तिकिटं काढून पुन्हा इथेच येणार. सहकारी संस्थांचे वाद, खालच्या कोर्टातला कौटुंबिक हिंसाचार कायद्याचा वापर, आदिवासी भागातले वनहक्क दावे, यांचंही तेच.

उलट विषय आंतरराष्ट्रीय गुंतवणूक लवादाचा असेल, स्पर्धा कायद्याचा किंवा विधी-तत्त्वज्ञानाचा असेल, तर निवाडे इंग्रजीत आणि ऑनलाइन आहेत, पण त्यावर रोज वाद घालणारी माणसं बाहेर जास्त आहेत. तिथे ग्रंथालयापेक्षाही सेमिनारच्या खोलीत तुमच्या प्रकरणावर तुटून पडणारे चौघे महत्त्वाचे.

मधले विषयही असतात. गोव्याचा दिवाणी कायदा घ्या. 1867 ची पोर्तुगीज दिवाणी संहिता, 2012 चा वारसाहक्काचा गोव्याचा कायदा, आणि समान नागरी कायद्याची चर्चा निघाली की हमखास दिलं जाणारं गोव्याचं उदाहरण. या विषयाला पणजी हवी आणि पोर्तुगीज भाषाही हवी. नोंदणी भारतात आणि काही महिने पोर्तुगालमध्ये, असा मेळ इथे शोभतो.

राज्य विद्यापीठ आणि विधी विद्यापीठ

दोन्हींवर नियम एकच लागू आहेत: यूजीसीचे 2022 चे. किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, पुनर्नोंदणी करून आणखी दोन. महिलांना आणि 40 टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना वर अजून दोन वर्षं, शिवाय महिलांना बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी 240 दिवसांपर्यंत रजा. कोर्सवर्क किमान 12 क्रेडिटचं. प्रबंधाआधी शोधनिबंध छापून आणण्याची सक्ती या नियमांनी काढली. दूरस्थ किंवा ऑनलाइन पीएचडी चालत नाही, तेव्हा तशा जाहिराती दिसल्या तर पुढे सरका.

प्रवेशासाठी 2024 पासून नेटचे गुण वापरता येतात: जेआरएफ (नेटमधल्या वरच्या गुणवंतांना मिळणारी संशोधन अधिछात्रवृत्ती) न मिळालेल्यांसाठी 70 टक्के भार नेटला आणि 30 टक्के मुलाखतीला, आणि ते गुण एकच वर्ष चालतात. जेआरएफ मिळाली तर महिना 37,000 आणि पुढे 42,000 रुपये, वर घरभाडं. वयोमर्यादा 30 ची असली तरी एलएलएम झालेल्यांना तीन वर्षांची सूट आहे. महिलांना आणि राखीव प्रवर्गांना पाच. ही एलएलएमवाली सूट कितीतरी वकिलांना ठाऊकच नसते आणि एकतिशीत ते जेआरएफचा नाद सोडून देतात.

फरक पडतो तो वातावरणात. राज्य विद्यापीठाखाली तुमचा गाइड बहुधा एखाद्या लॉ कॉलेजात शिकवणारा असतो, त्याच्यावर तासांचा आणि नॅक या मूल्यांकन संस्थेच्या फायलींचा भार असतो, आणि भेट मिळते ती त्याच्या दोन तासांच्या मधल्या फटीत. कोर्सवर्क संपलं की रोज जाण्याचं बंधन फारसं उरत नाही. नोकरी सांभाळून करणाऱ्याला हे सोयीचं वाटतं आणि नेमकं तेच घातक ठरतं, कारण सहा महिन्यांचा प्रगती अहवाल आदल्या रात्री लिहिण्याची सवय लागते. फी मात्र माफक असते, गाव सोडावं लागत नाही, आणि स्थानिक विषयाला हेच विद्यापीठ जास्त मानवतं.

विधी विद्यापीठात फी जास्त. बंगळुरूचं सर्वांत जुनं, आणि आपल्या राज्यात 2014 च्या कायद्याने आलेली तीन: मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर. इथे सगळा परिसरच कायद्याचा असतो, डेटाबेस चांगले असतात, बाहेरचे अभ्यासक येत-जात असतात, आणि पुढे अर्ज करताना नावाचा फायदा होतो. पण मोठ्या नावाच्या जागी तुमच्या विषयाचा माणूस असेलच असं नाही. घटनात्मक कायद्याच्या प्राध्यापकाकडे जमीन महसुलाचा विषय घेऊन गेलात, तर सहा वर्षं तुम्ही त्यालाच शिकवाल.

म्हणून या दोघांत निवडताना मी गाइडपासून सुरुवात करायला सांगेन. शोधगंगेवर (भारतातल्या प्रबंधांचा ऑनलाइन साठा) जा आणि त्या गाइडच्या हाताखाली झालेले दोन प्रबंध उघडा. प्रस्तावना आणि शेवटचं प्रकरण वाचलं तरी पुरे. ‘शिफारशी’ म्हणून कायद्यात सुधारणा व्हावी, जनजागृती व्हावी, अशी दहा वाक्यं असतील तर काय ते समजा. मग दोन रोखठोक प्रश्न विचारा. तुमच्याकडे जागा आहे का? प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगीला सहा, सहायकाला चार विद्यार्थी घेता येतात. आणि निवृत्ती कधी? तीन वर्षांपेक्षा कमी सेवा उरली असेल तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. सरांना विचारायला संकोच वाटतो हे मान्य, पण मार्गदर्शक मध्येच बदलावा लागला तर अख्खा सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) पुन्हा समितीपुढे न्यावा लागू शकतो.

वकिलांसाठी आणखी एक. अर्धवेळ पीएचडीला नोकरीच्या ठिकाणचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. स्वतंत्र प्रॅक्टिस करणाऱ्याला ते देणार कोण? विद्यापीठात लेखी विचारून घ्या. फेलोशिप घेऊन पूर्णवेळ बसलात, तर मात्र रोज कोर्टात उभं राहणं विसरा.

इंग्लंड आणि अमेरिका

इंग्लंडमध्ये कोर्सवर्क जवळजवळ नसतं. तुम्ही प्रस्ताव घेऊन जाता, पहिलं वर्ष तो घासूनपुसून घेण्यात जातं, मग पुढे चालू ठेवण्याची परवानगी मिळवण्यासाठी परीक्षकांना सामोरं जावं लागतं, आणि तीन-चार वर्षांत साधारण ऐंशी हजार ते एक लाख शब्दांचा प्रबंध होतो. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) दोन परीक्षक, बंद खोली. आपल्याकडे मात्र व्हायवा खुला असतो आणि मागे पेढे तयार असतात. ज्याचा प्रश्न पक्का आहे आणि जो एकट्याने काम करू शकतो, त्याला इंग्लंड मानवतं. ऑक्सफर्ड-केंब्रिजपलीकडेही पाहा. लंडनमध्ये रसेल स्क्वेअरला 1947 साली स्थापन झालेली इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅडव्हान्स्ड लीगल स्टडीज कायद्याच्या संशोधनाला वाहिलेली आहे आणि तिचं ग्रंथालय या विषयाच्या अभ्यासकांचा अड्डाच आहे.

अमेरिकेत कायद्याच्या डॉक्टरेटचं नाव एसजेडी किंवा जेएसडी. ती मुख्यतः परदेशी वकिलांसाठी आहे, आणि बऱ्याच ठिकाणी आधी त्याच विद्यापीठाचं एलएलएम केलेल्यांनाच वाट मोकळी असते. येलचा जेएसडी हा त्यातला ठळक नमुना. म्हणजे हिशेबात एका एलएलएमची फी आधी धरा. तिथले स्वतःचे कायद्याचे प्राध्यापक पारंपरिकपणे जेडीवर (तिथली कायद्याची पहिली पदवी) नेमले जात आले आहेत, त्यामुळे एसजेडी करून तिथेच शिकवायला लागू हा बेत डळमळीत. पण परत येणाऱ्याला ती वजनदार ठरते. माजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी 1986 मध्ये हार्वर्डमधून एसजेडी केली आणि नंतर मुंबई उच्च न्यायालयात वकिली केली.

जर्मनीचा उल्लेख ओघात करतो. सरकारी विद्यापीठांत डॉक्टरेटला शिकवणी फी जवळपास नाही, आणि हँबर्ग, हायडलबर्ग, म्युनिक इथल्या माक्स प्लांक संस्था तुलनात्मक, आंतरराष्ट्रीय आणि बौद्धिक संपदा कायद्यासाठी नावाजलेल्या आहेत. विषय त्यातलाच असेल आणि भाषा शिकायची तयारी असेल तर जरूर बघा, नाहीतर सोडा.

पैसे आणि घर

शिष्यवृत्तीशिवाय परदेशात कायद्याची पीएचडी करू नये, हे मी सरळ सांगतो. इंग्लंडमध्ये परदेशी विद्यार्थ्याची फी वर्षाला वीस-तीस हजार पौंडांच्या घरात जाते, आणि कायद्याच्या पीएचडीने ते कर्ज फेडणारा पगार लगेच मिळत नाही. कॉमनवेल्थ, ऱ्होड्स, गेट्स केंब्रिज या नेहमीच्या. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे आणि ती पीएचडीलाही मिळते. जे. एन. टाटा एंडोमेंट 1892 पासून आहे, पण ती कर्जरूपाने मिळते हे विसरू नका. देशातच राहणाऱ्यांसाठी राज्य सरकारच्या बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्ती आहेत. त्यांच्या जागा आणि रकमा यांवरून विद्यार्थ्यांना आंदोलनाला बसावं लागलेलं आहे, तेव्हा घरखर्च केवळ त्यावर टांगू नका.

घरच्यांना सोबत न्यायचं असेल तर इंग्लंडचा एक मुद्दा ध्यानात ठेवा: जानेवारी 2024 पासून बहुतेक मास्टर्सवाल्यांना जोडीदार नेता येत नाही, पीएचडीवाल्यांना येतो, आणि पदवीनंतर तीन वर्षं काम करायला थांबताही येतं.

माझा कौल

जिल्हा कोर्टात जम बसलेला, मराठी कागदांचा विषय असलेला वकील: राज्य विद्यापीठ, अर्धवेळ, पण गाइड पारखून. पूर्णवेळ शिकवायचं ठरवलेली, जेआरएफ मिळालेली, वय तिशीच्या आत: विधी विद्यापीठ, आणि तिथे माणूस नसेल तर राज्य विद्यापीठच, नावापायी गाइड सोडू नये. विषय खरोखर आंतरराष्ट्रीय आणि शिष्यवृत्ती हातात: इंग्लंड. अमेरिका फक्त त्यांनाच, ज्यांना एलएलएम तिथेच करायचं आहे किंवा झालेलं आहे. आणि ‘आता काहीतरी करायला हवं’ म्हणून विचार करणाऱ्याने एक वर्ष थांबावं.

इंग्लंडला जायचं ठरलं तर अर्जांच्या मुदती साधारण ऑक्टोबर ते जानेवारी असतात, म्हणजे प्राध्यापकांना ईमेल उन्हाळ्यातच जायला हवेत. ईमेल लहान ठेवा: प्रश्न एका वाक्यात, त्यांच्या कोणत्या लेखाशी तो कसा जोडला जातो ते दोन वाक्यांत, सोबत दोन पानी प्रस्ताव. ‘रिस्पेक्टेड सर, आय अ‍ॅम अ हार्डवर्किंग स्टुडंट’ अशी सुरुवात असलेली ईमेल तिथे कुणी वाचत नाही. इथला गाइड निदान फोन तरी उचलतो, तोही सहसा संध्याकाळी सातनंतर.