लॅपटॉपला इंटरनेट पुरवणारा फोन : सीताबर्डीतील खरेदी आणि आठ महिन्यांचा वापर

नागपुरात मनीषनगरातील आमच्या गल्लीत सिमेंट रस्त्याचे काम निघाले आणि जेसीबीने ब्रॉडबँडची केबल दोन महिन्यांत तिसऱ्यांदा तोडली, तीही नेमकी १८ तारखेला. घरून व्यापाऱ्यांचे हिशेब सांभाळणाऱ्याला २० तारखेचा धाक वेगळा सांगावा लागत नाही; पाच जणांचे जीएसटीआर-३बी, म्हणजे त्या तारखेपर्यंत द्यायचे मासिक जीएसटी विवरणपत्र, भरायचे राहिले होते आणि जुन्या फोनचा हॉटस्पॉट दर दहा मिनिटांनी तुटत होता. लॅपटॉपला दिवसभर इंटरनेट पुरवेल असा फोन, एवढीच अपेक्षा ठेवून मी दुसऱ्या दिवशी सीताबर्डीच्या मेन रोडवर गेलो.

तिन्ही दुकानांत आधी कॅमेरा दाखवण्यात आला. हॉटस्पॉटबद्दल विचारल्यावर एका विक्रेत्याने सांगितले, "भाऊ, हॉटस्पॉट तं सगळ्याच फोनमध्ये असते नं." त्यात खोटे काही नव्हते, पण माझा प्रश्न तो पाच तास चालेल का, हा होता. तिसऱ्या दुकानदाराने मात्र माझे सिम नमुन्याच्या फोनमध्ये घालून, मी सोबत नेलेला लॅपटॉप त्याला जोडून पाहू दिला, म्हणून खरेदी तेथेच केली. मॉडेलचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण वर्षभरात ते बाजारातून गेलेले असते. पाहायच्या गोष्टी मात्र त्याच राहतात.

पहिली गोष्ट बँडची, म्हणजे फोन ज्या लहरींच्या पट्ट्यांवर नेटवर्क पकडतो त्यांची. नागपुरात ५जी ऑक्टोबर २०२२ मध्ये, म्हणजे देशातील पहिल्या काही शहरांबरोबरच आले. त्याचा मुख्य बँड एन७८, अर्थात ३३०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा. तो वेगवान असला तरी भिंतींपुढे लवकर हात टेकतो. ७०० मेगाहर्ट्झचा एन२८ घराच्या आतपर्यंत पोचतो, आणि जिओचे सिम वापरणाऱ्याने तो फोनमध्ये आहे की नाही हे पाहिलेच पाहिजे. ४जीसाठी ३, ५, ८ आणि ४० हे बँड असले म्हणजे पुरते.

दुसरी गोष्ट जोडणीची, आणि येथे मी सुरुवातीला चुकलो होतो. यूएसबी ३, म्हणजे जास्त वेगाची केबल-जोडणी, असलेलाच फोन घ्यायचा, असे मनात धरून निघालो होतो. प्रत्यक्षात यूएसबी २.० ची कागदावरची मर्यादा सेकंदाला ४८० मेगाबिट आहे आणि माझ्या खोलीत ५जीचा वेग त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही, त्यामुळे त्यासाठी जास्तीचे पैसे मोजण्यात अर्थ नव्हता. ब्लूटूथचा पर्याय सोडूनच द्यावा. त्यावरून कसाबसा एक-दोन मेगाबिटचा वेग मिळतो. वाय-फाय हॉटस्पॉट वापरायचा असेल तर तो ५ गिगाहर्ट्झवर चालतो का, हे विचारून घ्यावे, कारण फ्लॅटच्या इमारतीत २.४ गिगाहर्ट्झवर साऱ्या शेजाऱ्यांच्या राउटरांची गर्दी असते. मला स्वतःला केबलच सर्वांत भरवशाची वाटते.

पण केबलही तपासून घ्यावी. फुटपाथवरून ८० रुपयांना घेतलेल्या केबलीने फोन उत्तम चार्ज होत होता, पण यूएसबी टेदरिंगचे, म्हणजे केबलवरून लॅपटॉपला इंटरनेट देण्याचे, बटण फिके पडून राहिले होते. अर्धा तास फोनलाच दोष दिल्यावर लक्षात आले की त्या केबलीत डेटाच्या तारा नाहीत. नंतर घेतलेली केबल तीन मीटर लांब आहे, त्यामुळे फोन खिडकीपाशी, जेथे रेंज चांगली असते तेथे राहतो आणि लॅपटॉप टेबलावर.

खिडकीपाशी, पण उन्हात नव्हे. नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांवर असताना, वाय-फाय हॉटस्पॉट आणि जलद चार्जर एकदम सुरू ठेवले की फोन तव्यासारखा तापतो, चार्जिंग थांबते आणि वेगही पडतो. माझ्या जुन्या फोनचे दुखणे बहुधा हेच असावे. केबलने जोडल्यावर लॅपटॉपच्या पोर्टमधून बेताचीच वीज मिळते, त्यामुळे फोन संथपणे चार्ज होतो आणि कोमट राहतो. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असलेला फोन मिळाला तर तोच घ्यावा. तरीही उन्हाळाभर मी फोन कूलरच्या झोताच्या कडेला ठेवला. समोर नाही, कारण वाळ्याच्या टट्ट्यांतून उडणारे थेंब चार्जिंगच्या खाचेत जायला नकोत.

डेटाचा हिशेब निराळाच आहे. अमर्याद म्हणून मिळणारा डेटा ५जीपुरता असतो. फोन नकळत ४जीवर घसरला की रोजचे २ जीबी खर्ची पडू लागतात, ते संपल्यावर वेग ६४ केबीपीएसवर येतो आणि जीएसटी पोर्टलचे पान नुसते फिरत राहते. त्यासाठी फोन केवळ ५जीवर अडकवून ठेवता येतो का, हे पाहावे, आणि विंडोजमध्ये ही जोडणी 'मीटर्ड', म्हणजे मोजक्या डेटाची, म्हणून नोंदवावी, नाहीतर त्याचे अपडेट दुपारीच सारा डेटा फस्त करतात.

आठ महिन्यांत या व्यवस्थेने एकदाही २० तारीख चुकवली नाही, वीज गेलेली असतानाही. एक अडचण मात्र सुटलेली नाही : मी फोन खिशात घालून भाजी आणायला निघालो की घरचे इंटरनेटही माझ्याबरोबर जिना उतरते, आणि आतून मुलीची हाक येते.