सन की चेस? रॉक अँड रोलच्या दोन लेबलांपैकी आधी कोणतं ऐकावं

सन आणि चेस ही अमेरिकेतली लेबलं, म्हणजे रेकॉर्ड कंपन्या. दोन्हींचा उगम गुंतलेला आहे. १९५१ चं 'रॉकेट ८८' हे गाणं मेम्फिसला सॅम फिलिप्सने ध्वनिमुद्रित केलं, बाजारात आणलं शिकागोच्या चेसने. फिलिप्सचं स्वतःचं सन लेबल सुरू झालं पुढच्या वर्षी.

आवाजात फरक लगेच कळतो. सनचा स्टुडिओ एका खोलीचा. फिलिप्सने ॲम्पेक्स कंपनीची दोन टेप मशीन जोडली होती: एकावर मुद्रण, दुसऱ्यावरून तोच आवाज क्षणभर उशिरा परत मिसळायचा. टेप मशीनच्या दोन हेडमधल्या (एक मुद्रणाचं, एक वाजवण्याचं) अंतरामुळे हा उशीर होतो. एल्विस प्रेस्लीच्या आवाजामागे येणारी ती टप्प्याची प्रतिध्वनी इथली. त्यामुळे ड्रम नसतानाही गाणं भरलेलं वाटतं. चेसकडे बँड तगडा: विली डिक्सनचा बास, जॉनी जॉन्सनचा पियानो आणि पुढे चक बेरीची गिटार. शब्दही तिथलेच सरस. बेरी तीन मिनिटांत अख्खी गोष्ट सांगतो.

पसारा पाहा. एल्विसच्या सनवरच्या तबकड्या पाचच, क्रमांक २०९, २१०, २१५, २१७, २२३. १९५५ मध्ये आरसीए या बड्या रेकॉर्ड कंपनीने ३५,००० डॉलरला त्याचा करार घेतला. सनच्या याच तबकड्यांच्या नकला उदंड, म्हणून सुरुवातीला पुनर्मुद्रणच घ्या. चेस ऐकताना उपलेबल चेकर विसरू नका, गायक-गिटारवादक बो डिडली तिथे आहे.

जुनी ७८ (मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी) मिळालीच, तर ३ मिलची, म्हणजे इंचाच्या ३ हजारांशाची सुई लावा. एलपीची (नंतरच्या लाँग-प्ले तबकडीची) बारीक सुई खाचेच्या तळाशी घासते, खरखर वाढते.

गायकी आणि कंट्रीची ओढ असेल तर सन. गिटार शिकत असाल, ब्लूजची मुळं हवी असतील, तर निःसंशय चेस.