अ‍ॅबिलीनचे दोन मार्शल: स्मिथ आणि हिकॉक

1870च्या सुमारास अमेरिकेतल्या कॅन्ससमधलं अ‍ॅबिलीन म्हणजे टेक्सासहून हाकत आणलेली गुरं रेल्वेत चढवण्याचं गाव. महिनोन्‌महिने धूळ खाल्लेले काउबॉय हातात पगार पडला की सलूनमध्ये, म्हणजे दारूच्या गुत्त्यात, शिरत, आणि कमरेला पिस्तूल असेच.

1870 मध्ये मार्शल, म्हणजे गावचा पोलीस प्रमुख, झालेल्या टॉम स्मिथने गावात पिस्तूल बाळगण्यावरची बंदी खरोखर अमलात आणली, तीही बहुतेक वेळा नुसत्या मुठींनी. पिस्तूल द्यायला नकार देणाऱ्या दांडग्याला त्याने एका ठोशात आडवा केला, हत्यार काढून घेतलं आणि गावाबाहेर घालवलं. हे पाहून बाकीचे आपणहून हत्यारं जमा करू लागले. त्याच नोव्हेंबरात गावाबाहेर एका खुन्याला पकडायला गेला असताना तो मारला गेला.

1871 मध्ये आलेला वाइल्ड बिल हिकॉक नेमबाज म्हणून आधीच गाजलेला. त्याचा दरारा मोठा, पण बराचसा वेळ पत्त्यांच्या टेबलावर जाई. ऑक्टोबरात फिल को या जुगाऱ्याशी झालेल्या चकमकीत मदतीला धावून आलेला त्याचाच सहकारी माइक विल्यम्स त्याच्या गोळीने मेला. डिसेंबरात गावाने त्याला काढलं.

नाव हिकॉकचं झालं. माझ्या मते खरा बंदोबस्त स्मिथनेच ठेवला.