‘फाईल उघडू नको’ म्हणणाऱ्याला आम्ही ३ लाख ९५ हजार दिले

इटलीतल्या मिलानमध्ये नोकरी लावून देतो म्हणणाऱ्या एजंटने आम्हाला फसवलं. आधी गेलेल्या पैशांचा हिशेब सांगते. नोंदणीचे १५ हजार, ‘पोर्टफोलिओ प्रमाणित’ करण्याचे ६० हजार, ‘नुल्ला ऑस्ता’चे, म्हणजे इटलीत काम करण्याच्या परवानगीचे, १ लाख ८० हजार आणि व्हिसा, विमा, तिकीट मिळून १ लाख ४० हजार. बाबा नागपूरच्या गांधीबागेत कापडाच्या दुकानात कामाला आहेत. आई घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. शेवटच्या हप्त्याला आईच्या पाटल्या पतसंस्थेत गहाण ठेवल्या. त्या अजून तिथेच आहेत.

मी मागच्या वर्षी नागपुरातूनच फॅशन डिझाइनची पदवी घेतली. शेवटच्या शोसाठी मी सहा जॅकेटं केली होती. अंग टसर रेशमाचं आणि बाहीला, पुढच्या पट्टीला आपला करवती काठ. हा काठ तीन धोट्यांनी विणतात. काठाचा आणि अंगाचा धागा एकमेकांत अडकत जातो, त्यातून करवतीसारखे दाते तयार होतात. एका कोष्टी काकांनी माझ्यासाठी ते काठ विणून दिले होते आणि हातमागावर त्यांच्या शेजारी बसून मी दाते मोजायला शिकले होते.

शो संपल्यावर एक गृहस्थ भेटले. धरमपेठेत त्यांचं कन्सल्टन्सीचं ऑफिस होतं. त्यांनी जॅकेटची बाही हातात घेतली, उलटी केली आणि आतली शिवण पाहिली. म्हणाले, “बेटा, मिलानमध्ये हे कोणाकडेच नाही.” चार वर्षांत माझं काम कोणी उलटं करून पाहिलं नव्हतं. पैसे दिले ते कागद पाहून नाही, या एका कौतुकापायी दिले. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण अशा लोकांना मुलांची भूक बरोबर ओळखता येते. कोणाला पगाराचा आकडा दाखवायचा आणि कोणाच्या कामाची तारीफ करायची, हे त्यांना कळतं.

पंधरा दिवसांनी व्हिडिओ कॉलवर मुलाखत झाली. मिलानमधल्या एका मोठ्या फॅशन हाउसच्या मनुष्यबळ विभागातली बाई, असं सांगितलं होतं. कॅमेरा बराच वेळ बंदच होता. तिने विचारलं, आत्मविश्वास आहे का, टीममध्ये काम जमेल का, पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहतेस. वीस मिनिटांत कपड्याबद्दल एकही प्रश्न नाही! पॅटर्न कोणी काढला, बाही बसवताना काठाचे दाते कसे जुळवले, टसर तिरपा कापला तर काय होतं, टेक पॅक, म्हणजे मापं आणि शिवणीच्या तपशिलांचा कागद, कुठे आहे, आधी मांजरपाटावर नमुना करून पाहिला होता का, यातलं काहीच नाही. ज्याला मला कामाला ठेवायचं आहे तो हे विचारल्याशिवाय राहील का? हे मला तेव्हाच खटकलं होतं. पण कठीण काही विचारलं नाही म्हणून मला हायसं वाटलं आणि मी गप्प बसले.

तीन दिवसांत ऑफर लेटर आलं. सहा महिन्यांची पगारी इंटर्नशिप, नंतर नोकरी. त्यानंतर हप्ते सुरू झाले. प्रत्येक वेळी फोनवर एकच गोष्ट. आता थांबलात तर आधीचे वाया जातील, सीट दुसऱ्या मुलीला जाईल, संध्याकाळपर्यंत भरा. बाबा एकदा म्हणाले, “थोडं थांबून पाहू ना, कोणाला तरी विचारू.” मी त्यांच्यावर चिडले.

‘नुल्ला ऑस्ता’ हा शब्द खरा आहे, म्हणून तर मी फसले. इटलीत परदेशी माणसाला कामावर घ्यायचं तर साधारणपणे तिथला मालक तिथल्याच सरकारी इमिग्रेशन कार्यालयात अर्ज करतो आणि ही परवानगी मिळवतो. ती मिळाल्यावर इकडे व्हिसाचा अर्ज होतो, आणि तो ‘डी’ प्रकारचा, म्हणजे ९० दिवसांपेक्षा जास्त मुक्कामाचा. नागपुरात बसलेला एजंट ती परवानगी विकू शकत नाही. मला जो कागद दिला त्यावर माझं नाव आणि एक शिक्का होता. मी तो लॅमिनेट करून घेतला होता.

मुंबईची व्हिसाची तारीख मिळाली. विदर्भ एक्सप्रेसने मी आणि बाबा निघालो. फाईल कन्सल्टन्सीच्या त्या गृहस्थांनीच बांधून दिली होती, वर टेप लावलेली. “क्रम बिघडेल, उघडू नको, काउंटरवर तशीच दे.” काउंटरवरच्या मुलीने ती उघडली, पानं चाळली आणि विचारलं, “फिरायला चालल्या आहात ना? नऊ दिवस?” अर्जावर प्रवासाचं कारण पर्यटन. मिलान, व्हेनिस, रोमच्या हॉटेलांची बुकिंगं. माझ्या नावाचं पत्र, की मी वडिलांच्या कापड व्यवसायात मदत करते आणि सहल करून परत येणार आहे. बाबांचा व्यवसायच नाही. खाली सही मात्र माझी. ऑफिसात एकदा ‘शेवटची पानं’ म्हणून चार सह्या घेतल्या होत्या, त्यातली.

तिथूनच मी त्या गृहस्थांना फोन लावला. “एकदा पोहोच बेटा, तिथे कन्व्हर्ट होते.” होत नाही. पर्यटनाचा ‘सी’ प्रकारचा शेंगेन व्हिसा, म्हणजे इटलीसह युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा, १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवसांचा असतो आणि त्यावर नोकरी करता येत नाही. बाबा फक्त इतकंच म्हणाले, “चल, घरी जाऊ.” आम्ही अर्ज दिला नाही. खोट्या माहितीचा अर्ज माझ्या नावावर नोंदला गेला नाही, एवढंच वाचलं. शेंगेन व्हिसाच्या अर्जांची नोंद पाच वर्षांपर्यंत ठेवतात.

त्या रात्री मी फॅशन हाउसच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून पत्ता काढून मेल केला. दोन दिवसांत उत्तर आलं. माझ्या नावाची निवड नाही, त्या नावाची बाई तिथे नाही आणि उमेदवाराकडून आम्ही पैसे घेत नाही. हा मेल मला पहिले १५ हजार भरायच्या आधीही करता आला असता.

पोलिसांत गेलो तेव्हा पावत्यांचा घोळ कळला. प्रत्येकीवर ‘करिअर समुपदेशन शुल्क, परतावा नाही’ असं छापलं होतं. नोकरीचा उल्लेख कुठेच नव्हता. व्हॉट्सॲपवरचे संदेश आणि व्हॉइस नोट मी पुसल्या नव्हत्या, म्हणून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार घेतली गेली. फसवणुकीत ऑनलाइन गेलेल्या पैशांसाठी १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा असतो. आम्ही अकरा दिवसांनी केला, तोवर खातं रिकामं झालं होतं.

आणखी एक गोष्ट तेव्हा कळली. परदेशात नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाकडून नोंदणी घ्यावी लागते. नोंदणी असलेल्यांची यादी ई-मायग्रेट पोर्टलवर कोणालाही पाहता येते. आणि उमेदवाराकडून त्यांना घेता येणारं सेवाशुल्क जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ३५ हजार ४००.

ते ऑफिस आता बंद आहे. माझी जॅकेटांची रेखाटनं मात्र त्यांच्या इन्स्टाग्रामवर ‘आमची मिलानला निवड झालेली विद्यार्थिनी’ म्हणून दोन महिने दिसत होती. पैशांपेक्षा मला त्याचं जास्त लागलं. ती पाहून अजून कोणी गेलं असेल का, हा विचार मनातून जात नाही.

मागच्या रविवारी मानेवाड्याहून एक ज्युनिअर घरी आली. तिच्या मोबाइलवर दुबईचं ऑफर लेटर होतं, व्हिज्युअल मर्चंडायझरचं, म्हणजे दुकानातली मांडणी-सजावट करण्याच्या कामाचं. “ताई, खरं आहे का पाहून दे ना.” आम्ही दोघींनी ई-मायग्रेटवर तिच्या एजंटचं नाव शोधलं. नव्हतं. तेवढ्यात त्या एजंटचाच फोन आला, सहाच्या आत १५ हजार भर म्हणून. आईने मशीन थांबवलं. मी ज्युनिअरला म्हटलं, “नोंदणी क्रमांक विचार.” तिने विचारलं, आणि पलीकडून फोन ठेवला गेला.